गळका नळ आणि न करण्याचा दोष

घरातला नळ गळतो हे ठाऊक असूनही तो दुरुस्त न करणे हा दोष ठरतो काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी भारतीय दर्शनांतील एका जुन्या वादाशी त्याचा जवळचा संबंध आहे. संध्येसारखे रोजचे विहित कर्म, म्हणजे नित्यकर्म, टाळल्यास ‘प्रत्यवाय’, म्हणजे न केल्यामुळे घडणारे पाप, लागते असे एक मत होते. शंकराचार्यांनी मात्र गीताभाष्यात असा आक्षेप घेतला की न करणे हा निव्वळ अभाव आहे आणि अभावातून पापासारखी भावरूप गोष्ट उत्पन्न होऊ शकत नाही.

नळदुरुस्ती हे काही नित्यकर्म नव्हे; तरीही हा आक्षेप येथे पडताळून पाहण्याजोगा आहे. फिरकीच्या पितळी नळात दांड्याच्या टोकाचा रबरी वॉशर पाण्याच्या वाटेवरील गोल कडेवर दाबून बसतो, आणि वाळूच्या कणांनी किंवा क्षारांनी तो झिजला की वाट पुरती बंद होत नाही. गळतीची कारणे झीज आणि पाण्याचा दाब ही आहेत. गृहस्थाचा आळस त्यांत कोठेच दिसत नाही, आणि येथवर आचार्यांचे म्हणणे टिकते. परंतु थेंब थांबावा म्हणून घरातला प्रत्येक जण नळ अधिकाधिक जोराने आवळत राहतो, आणि त्या जोराने अर्धवट झिजलेला वॉशर चिरला जातो. म्हणजे ज्याला काही न करणे म्हणतात, त्यात रोजची कृती दडलेली असते. गीतेच्या चौथ्या अध्यायावरील भाष्यात स्वतः आचार्यांनीच ‘मी स्वस्थ बसलो आहे’ या भावनेतही कर्तेपणाचा अभिमान असल्याचे दाखवले आहे.

जैन विचार याहून नेमका आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या ‘प्रमादा’वर, म्हणजे बेसावधपणावर, आधारलेली आहे, आणि पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा ‘अप्काय’ जीवांची कल्पना मानल्यामुळे पाणी बेताने वापरणे हा तेथे आचारधर्मच ठरतो. ही कल्पना मान्य नसणाऱ्यालाही प्रमादाची कसोटी नाकारता येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात ही कसोटी अधिक कठोर होते. तालुक्याच्या कडेने भीमा वाहते आणि तिच्या काठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे. तरीही पर्जन्यछायेतल्या या भागाने १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरचे टँकरचे उन्हाळे सोसले आहेत. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी घालवतो; जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटरांचे प्रमाण ठरवले आहे. अशा ठिकाणी गळती ध्यानात आल्यानंतर जाणारा प्रत्येक दिवस प्रमादातच मोजावा लागेल. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, पान्याने नळाचा वरचा भाग उघडून नवा वॉशर बसवण्यास सहसा अर्धा तासही लागत नाही, आणि तो वॉशर हार्डवेअरच्या साध्या दुकानातही मिळतो.