पान काढून दाखव

शाळेतली वादविवाद स्पर्धा कशी होते ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक’ अशी सुरुवात, बसवलेले हातवारे, शिक्षकांनी किंवा घरातल्या कुणा मोठ्याने लिहून दिलेलं भाषण. पहिली घंटा झाली की आवाज चढतो, दुसरी व्हायच्या आत एखादं सुभाषित येतं. विषय बहुधा ‘मोबाईल : शाप की वरदान’. अशा स्पर्धेने मुलांची भीड चेपते, उच्चार सुधारतात, हे खरं आहे. पण करंडक घेऊन जाणाऱ्या मुलालाही त्यासाठी एखादं पुस्तक उघडावं लागलेलं नसतं.

मी मराठी शिकवते. मुलांना वाचनाकडे वळवण्याचे बहुतेक सगळे उपाय मी करून पाहिले आहेत. वाचनकोपरा केला, पुस्तकांची पेटी वर्गात ठेवली, परिपाठात पुस्तक परिचय घेतला. 2015पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, तोही मनापासून केला. या सगळ्याचा थोडाथोडा उपयोग झाला. पण मुलं पुस्तकाकडे आपणहून परतली ती वर्गात पुस्तकावरून भांडण लागलं तेव्हा. भांडणाला आमच्या वर्गात एकच नियम आहे. जे म्हणायचं ते पुस्तकात दाखवायचं. पान काढून.

आठवीच्या वर्गात एका शनिवारी शेवटच्या दोन तासांना ‘श्यामची आई’ घेतलं होतं. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 साली ते प्रसिद्ध झालं. गुरुजी 1950 साली गेले. त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने स्वस्त आवृत्त्या मिळतात. तिघांत एक अशा प्रती जमवता आल्या, आणि हाताशी प्रती नसतील तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. प्रसंग पोहण्याचा घेतला. श्याम पाण्याला घाबरून घरात लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. फळ्यावर मी एवढंच लिहिलं : आईने मारलं ते बरोबर की चूक?

पहिली दहा मिनिटं पुस्तकाचा कुणालाच उपयोग नव्हता. आई मारते ती भल्यासाठीच, असं अर्धा वर्ग म्हणाला. मुलांना मारायला शाळेत कायद्याने बंदी आहे, असं दुसऱ्या अर्ध्याने सांगितलं. ही सगळी घरून आणलेली मतं. मग एकाला मी म्हटलं, ‘‘भल्यासाठी मारलं, हे कशावरून? पान काढून दाखव.’’ वर्ग एकदम शांत झाला आणि पानं उलटायचा आवाज सुरू झाला. एकाला सापडलं की मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, याची आईला काळजी आहे. लगेच समोरून प्रश्न आला, ‘‘म्हणजे काळजी लोकांच्या बोलण्याची, श्यामची नाही?’’ तिसऱ्याने त्यापुढचं पान काढलं, मारून झाल्यावर आई श्यामशी कशी बोलते ते दाखवायला. एरवी ज्या मुलांकडून एक परिच्छेद वाचून घेताना माझी दमछाक होते, ती आता ओळीवर बोट ठेवून एकमेकांना थांबवत होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिने वर्गात फार तर दोनदा तोंड उघडलं असेल. ती म्हणाली, ‘‘बाई, हे सगळं मोठा झालेला श्याम सांगतोय ना, आश्रमातल्या मित्रांना? मार खाल्ला त्या दिवशीच्या श्यामला काय वाटलं, ते आपल्याला कुठे कळतंय?’’ आईच्या बाजूचा एक मुलगा क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, ‘‘मग आई प्रेमळ होती हेही मोठ्या श्यामनेच सांगितलंय. तेवढंच तू खरं का धरतेस?’’

निवेदक कोण, तो कोणत्या वयातून बोलतो आणि त्याच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण कॉलेजात शिकवतो. तेरा वर्षांची दोन मुलं कुणी न शिकवता तिथवर पोचली होती, कारण दोघांनाही आपलं म्हणणं सोडायचं नव्हतं. मुलांना वाचायची गरज वाटली पाहिजे, असं आपण म्हणतो. ती गरज मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

नंतर एक पालक भेटायला आले. देवासारख्या आईवर मुलांना वाद घालायला लावता, हे त्यांना रुचलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि दुःख जास्त होतं. श्यामच्या आईत त्यांना स्वतःची आई दिसत होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्यांच्या मुलाने त्या आठवड्यात तो प्रसंग तीनदा वाचला. त्यांचं समाधान झालं का, कोण जाणे. पण मला वाटतं, एखाद्या पुस्तकाला प्रश्न विचारायचा तर ते बारकाईने वाचावं लागतं, आणि एवढ्या बारकाईने वाचणं हा त्या पुस्तकाचा मानच आहे. जे पुस्तक हार घालून कपाटात ठेवलं, ते पुढच्या पिढीकडे नुसतं नावापुरतं जातं.

वाद हा शब्दच आपल्याकडे बदनाम झाला आहे. घरात वाद नको, गावात वाद नको. मात्र गौतमाच्या न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं, ती वितंडा. या कसोटीवर आपल्या बहुतेक शालेय स्पर्धा जल्पात जमा होतील, कारण करंडक ठेवला की मुलाचं लक्ष परीक्षकाकडे जातं. म्हणून वर्गातल्या वादाला मी परीक्षक ठेवत नाही आणि निकाल लावत नाही. पूर्वपक्षाची जुनी शिस्त मात्र पाळते. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं आणि मगच आपलं. मुलांना याचा पहिल्यांदा फार कंटाळा येतो. दोन-तीन वेळा झाल्यावर हेच त्यांना सगळ्यांत आवडू लागतं, विशेषतः समोरचा ‘‘नाही, मी असं म्हणालोच नव्हतो’’ म्हणाला आणि पुन्हा पुस्तक उघडावं लागलं की.

यात वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, असा आक्षेप सहकारी घेतात आणि त्यात तथ्य आहे. पण दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ म्हणून प्रश्न असतो. मुलाने स्वतःचं मत मांडावं हा त्यामागचा चांगला हेतू. आज तेच स्वमत गाईडांत तयार छापून येतं आणि मुलं ते पाठ करून लिहितात. मत पाठ करायची सवय ज्या वयात लागते, त्याच वयात मत कसं बनतं, कशाच्या आधारावर टिकतं आणि कधी बदलावं लागतं, याचा अनुभव वर्गात मिळायला नको का? त्यासाठी महिन्यातून दोन तास गेले तर जाऊ द्यावेत.

न बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न जास्त अवघड आहे. वाद म्हटला की चारपाच चुणचुणीत मुलं तो ताब्यात घेतात. त्यावर मला सापडलेला मार्ग साधा आहे. प्रत्येक बाजूला दोन-तीन मुलं फक्त आधार शोधणारी असतात. त्यांनी बोलायचं नाही, पान काढून बोलणाऱ्याच्या हातात द्यायचं. मागच्या बाकावरची ती मुलगी त्या दिवशी हेच काम करत होती. शोधता शोधता तिला जे दिसलं, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगून भागणार नव्हतं.

यंदा नववीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर राजाराम सगळ्या गावाला हाताशी धरून तालीम बांधतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि गाव ओस पडतं. शिकवायला आलेल्या माणसाने तालमीच्या मागे लागावं का, हा आमचा प्रश्न आहे. ती मुलगी आता नववीत आहे. परवा मधल्या सुट्टीत तिने येऊन सांगितलं की तिला मास्तराच्या विरुद्ध बोलायचं आहे. मी म्हटलं, बोल. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि तिने बाजू बदलून मागितली. कारण विचारलं तर तिने पुस्तक पुढे केलं. त्यात बसच्या तिकिटाची खूण घातलेली होती.