युक्ताहार आणि शाळकरी वय

शरीर हा साधनेतला अडथळा की साधनेचा पाया, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. व्रते, उपवास आणि विरक्ती यांवरून परंपरेने देहाला तुच्छ लेखले असा समज होतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातली कथा मात्र वेगळे सांगते. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न न घेता फक्त पाण्यावर राहायला लावतो. मग त्याला वेद म्हणायला सांगतो, तेव्हा मुखोद्गत असलेलेही त्याला काही आठवत नाही. जेवल्यावर सारे पुन्हा आठवते. विझत आलेल्या आगीतली काजव्याएवढी ठिणगी गवत घालताच पेटते, असा दृष्टांत बाप देतो. मन अन्नमय आहे, हा सिद्धान्त त्याने मुलाच्या गळी उपदेशाने नव्हे, अनुभवाने उतरवला.

सहावी ते आठवीच्या मुलांबाबत या कथेला फार अर्थ आहे. या वयात उंची झपाट्याने वाढते, भूक वाढते, मुलींची पाळी सुरू होऊन लोहाची गरज वाढते. नेमका याच वेळी खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि डब्यातल्या भाकरीची जागा वेफर्सची पुडी घेते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातल्या दोन तासिकांनी ती गरज भागत नाही.

मग मुलांवर सक्ती करावी का? इथे गीतेचा सहावा अध्याय उपयोगी पडतो. अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही, असे तो सांगतो. त्यात कोणत्याही पदार्थाला पाप म्हटलेले नाही. भर आहे तो प्रमाणावर. व्यायामालाही हेच लागू होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवान माणसालाही निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला आहे. वडापाव खाल्ला म्हणून मुलाला अपराधी वाटायला लावणे, किंवा जाड मुलीला वर्गासमोर वजनावरून बोलणे, हा संयमाचा संस्कार नव्हे. त्यातून फक्त लाज उपजते, आणि लाजेपोटी मूल मैदानच टाळते.

संयम ज्याचा त्यानेच शिकायचा असतो, पण त्यासाठी योग्य गोष्ट हाताशी असावी लागते. बंदीचे काम तेवढ्यापुरते आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. तो मोडला जाऊ नये हे पाहणे मोठ्यांचे काम. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. ती ताटात खरोखर पडली पाहिजेत.

महाराष्ट्राला बलोपासनेचा वारसा आहे. चाफळ, मसूर, उंब्रज येथील मारुती समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरांपैकी आहेत, आणि कित्येक तालमींत आजही मारुतीला नमस्कार करूनच मातीत उतरतात. त्या भक्तीत शरीर कमावणे आणि देवाला नमणे वेगळे नव्हते. हा वारसा प्रामुख्याने मुलग्यांच्या वाट्याला आला, ही त्याची मोठी उणीव. मल्लखांब खेळणाऱ्या मुलींनी ती भरून काढायला सुरुवात केली आहे. शाळांनी एवढे तरी करावे: खेळाचा तास रोज ठेवावा, तो मुलामुलींना सारखा द्यावा आणि परीक्षेच्या महिन्यातही दुसऱ्या विषयाला देऊ नये.