तोंड उघडावे ते कशासाठी?



आजच्या शुभवर्तमानात (मार्क 7:31-37) एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला प्रभू येशूकडे आणले जाते. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो आणि स्वर्गाकडे पाहून एकच शब्द उच्चारतो : 'इप्फाथा', म्हणजे मोकळा हो. त्या माणसाच्या जिभेचा बंध सुटतो व तो नीट बोलू लागतो. हाच शब्द ख्रिस्तसभेने बाप्तिस्म्याच्या विधीत जपून ठेवला आहे. बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करून धर्मगुरू प्रार्थना करतो, की या कानांनी प्रभूचे वचन ऐकावे आणि या तोंडाने श्रद्धा प्रकट करावी. आपणा प्रत्येकाचे तोंड असे एकदा प्रभूच्या नावाने उघडले गेले आहे.

आज त्या तोंडाविषयीच थोडे बोलायचे आहे. जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांपैकी काही जणांचे तोंड पुरते उघडत नाही, हे वेदीसमोर उभे राहणाऱ्याच्या ध्यानात येते. ही माणसे म्हातारी नाहीत. काही तर लग्नाच्या वयाची मुले आहेत. कारण विचारले तर उत्तर हळूच येते, "फादर, सुपारीची सवय आहे."

पान-सुपारी आपल्याला परकी नाही. आपल्या वसईच्या वाड्यांतील पानवेलींवर कित्येक कुटुंबे उभी राहिली, मुले शिकली, घरे झाली. दारी आलेल्या पाहुण्यापुढे पानाचे तबक ठेवणे हा मान होता. आपली भाषासुद्धा या तबकातून उचललेली आहे. लग्न ठरले की 'सुपारी फुटली' म्हणतात, अवघड काम अंगावर घेतले की 'विडा उचलला' म्हणतात. एकाने दुसऱ्याला प्रेमाने द्यायची ही वस्तू होती.

ख्रिस्तसभेचे या तबकाशी भांडण होते का? एकेकाळी होते. 1736 साली गोव्यातील इन्क्विझिशनने एक फर्मान काढून तेथील ख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीतींना मनाई केली. त्यात लग्नप्रसंगी पाने, सुपारी व फुले वाटण्याचाही समावेश होता. हिंदू शेजाऱ्यांची रीत म्हणून ती नको, एवढेच त्यामागचे कारण. ती दृष्टी आज आपली नाही. शेजाऱ्याशी मिळतीजुळती रीत असणे हे पाप नव्हे, आणि पाहुणचार तर सद्गुणच आहे. मी आज जे सांगतो आहे ते संस्कृतीच्या विरोधात नाही. ते शरीराच्या बाजूने आहे, आणि त्या शरीरात राहणाऱ्या स्वातंत्र्याच्या बाजूने आहे.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते नीट समजून घेऊ. पुष्कळांना वाटते, की दोष तंबाखूचा, सुपारी बिचारी निरुपद्रवी. हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तैवान आणि पापुआ न्यू गिनी येथे लोक सुपारी चुन्याबरोबर चघळतात, त्यात बहुधा तंबाखू नसते. तरीही तेथे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. त्याच संस्थेच्या संशोधकांनी 2024 साली मांडलेल्या हिशेबानुसार 2022 मध्ये जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 3,89,800 नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे 1,20,200 जणांचा रोग चघळायची तंबाखू किंवा सुपारी यांमुळे झालेला होता. आणि या अभाग्यांपैकी सुमारे 83,400 जण एकट्या भारतातले होते. हे सारे टाळता येण्याजोगे दुखणे आहे.

कर्करोगाच्या आधी बहुधा दुसरा एक आजार येतो. सुपारीतील अरेकोलिनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू राठ होते, तिच्याखाली दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. आधी तिखट लागले की आग होते, मग तोंड कमी कमी उघडू लागते. घास घेणे, दात घासणे, जांभई देणे, गाणे म्हणणे, सगळेच अवघड होते. एकदा आवळलेले तोंड सुपारी सोडली तरी सहसा पूर्ववत होत नाही. पण वेळीच सोडली तर आजार पुढे सरकणे थांबू शकते, कर्करोगाचा धोकाही कमी होतो. म्हणून उशीर करू नये.

पानवेल लावणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. डॉक्टरांचे बोट आहे ते सुपारीकडे आणि तंबाखूकडे. आणि तबकातल्या विड्याची जागा आज पुडीने घेतली आहे, हे तर आपण सारेच पाहतो. विडा जेवणानंतर, चार माणसांत, दुसऱ्याच्या हातून मिळे. पुडी सकाळी उठल्यापासून, एकट्याने, पाठ फिरवून तोंडात रिकामी केली जाते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा व पानमसाल्यावर बंदी आहे. तरीही ती कोठे मिळते हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते! पाहुण्याचा मान गेला आणि मागे उरली ती नुसती तलफ. मुंबईच्या भाषेत 'सुपारी देणे' याचा अर्थ पैसे देऊन कोणाचा तरी जीव घ्यायला सांगणे असा होतो. पुडी घेणारा ही सुपारी स्वतःच्याच नावाने देतो आणि पैसेही स्वतःच्याच खिशातून मोजतो.

कोणी म्हणेल, "फादर, तोंडात जाते ते माणसाला अशुद्ध करत नाही असे प्रभूनेच सांगितले आहे." खरे आहे (मत्तय 15:11). पण प्रभू तेथे विटाळाच्या नियमांविषयी बोलत होता, विषाविषयी नव्हे. आणि त्याने बोट ठेवले ते अंतःकरणावर. मग प्रश्न अंतःकरणालाच विचारू या : माझ्यावर सत्ता कोणाची? संत पौल करिंथकरांस लिहितो, की मला सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही. त्याच अध्यायात तो शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (1 करिंथ 6:12, 19). ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही जीवन आणि आरोग्य यांना देवाने सोपवलेली अनमोल देणगी मानतो (2288), आणि अन्न, मद्य, तंबाखू, औषधे या सर्वांत संयम राखायला सांगतो (2290). सुपारीचे नाव तेथे नाही, पण तत्त्व तिलाही लागू आहे.

अॅरिस्टॉटल शिकवतो, की आपण पुन्हा पुन्हा जे करतो त्यातूनच आपला स्वभाव घडतो. संत अगस्तीनने हे स्वतःच्या जीवनात अनुभवले. आधी इच्छेला भुलणे, भुलण्याची मग सवय होणे, आणि सवय मोडली नाही की तिची निकड होणे, अशी साखळी त्याने वर्णिली आहे. आपल्या आईची, संत मोनिकेची, एक गोष्टही त्याने लिहून ठेवली आहे. मोनिका लहान असताना आईवडील तिला पिंपातून द्राक्षमद्य काढून आणायला पाठवीत. ती गंमत म्हणून ओठ ओले करी. थेंबाथेंबाने वाढत ती पेलेच्या पेले पिऊ लागली. एके दिवशी भांडणात घरच्या दासीने तिला 'बेवडी' म्हणून हिणवले. तो शब्द मोनिकेच्या जिव्हारी लागला आणि तिने ती सवय तत्काळ सोडली.

या गोष्टीत आईबापांसाठी मोठा धडा आहे. मोनिकेला पिंपाकडे पाठवणारी माणसे वाईट नव्हती. त्यांना फक्त वाटले नाही, की एवढ्याशाने काही होईल. आपणही लेकराच्या हातात पैसे देऊन "जा, टपरीवरून माझी पुडी आण" असे म्हणतो. गोड सुपारीची पाकिटे तर खाऊ म्हणून घरात येतात. संत आपल्याही घरात वाढू शकतात, पण पिंपाची वाट आपणच त्यांना दाखवू नये!

सवय जडलेल्यांना हिणवावे, असा मात्र या गोष्टीचा अर्थ काढू नका. दासीचा टोमणा देवाने कामी आणला, पण प्रभूची स्वतःची रीत आजच्या शुभवर्तमानात आहे. तो त्या माणसाला बाजूला नेतो, चारचौघांत त्याचे हसे होऊ देत नाही. नवऱ्याशी, मुलाशी, सहकाऱ्याशी आपणही असेच बाजूला घेऊन, मायेने बोलावे.

म्हणून आपल्या धर्मग्रामासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली : साखरपुड्याला व लग्नाला तबकात पान आणि अख्खी सुपारी मानाची खूण म्हणून जरूर ठेवा. पण खायला बडीशेप, खोबरे, गूळ द्या. प्रार्थनेला जमलेल्या मंडळींनाही सुपारी वाटू नका.

दुसरी : आज घरी आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

तिसरी : घरातील कोणत्याही मुलाला पुडी आणायला पाठवू नका.

विडा उचलायचाच असेल तर हा उचलू या. ज्या तोंडाला बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रभूच्या नावाने स्पर्श झाला, ते त्याची स्तुती गाण्यासाठी, शेजाऱ्याशी चांगले बोलण्यासाठी आणि ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यासाठी अखेरपर्यंत मोकळे राहो. बंध पडलेल्या प्रत्येक जिभेला व प्रत्येक मनाला प्रभू आज पुन्हा म्हणो : इप्फाथा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू