आजारी कामगाराचा दरवाजा



अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मुलुंडच्या एखाद्या कारखान्यात काम करणारा माणूस काविळीने अंथरुणाला खिळला, तर त्याची आपुलकीने विचारपूस होते. परंतु डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तणाव, निद्रानाश किंवा नैराश्य असे शब्द आले की विचारपुशीचा सूर बदलतो. दिवसातून चार वेळा फोन येतो. यांतील कोणता फोन इयादत आणि कोणता पाळत, हा प्रश्न आपण गांभीर्याने विचारात घेतला पाहिजे.

मनाचा आजार म्हणजे ईमानचा दुबळेपणा, असे काही धार्मिक वृत्तीचे लोकही सहज बोलून जातात. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडल्याचा उल्लेख आहे. एका पैगंबराच्या ईमानविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करील? बुखारीतील एका हदीसनुसार तर निरोगी असताना माणूस जी सत्कर्मे करीत असे, ती आजारपणातही त्याच्या नावे लिहिली जातात. आपल्या हजेरीपटाचा हिशेब मात्र वेगळा असतो!

कायद्याने काही आधार दिला आहे. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 73 ने, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मालकाला मनाई केली. मात्र ही योजना दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी आहे. उपनगरांतील कार्यालयांत त्याहून अधिक कमावणारे असंख्य लोक तिच्या कक्षेबाहेर राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

परंतु कामावरून न काढणे वेगळे आणि शांतपणे बरे होऊ देणे वेगळे. येथे सूरह नूरमधील 27 व 28 या आयतींकडे वळावेसे वाटते. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याविना आणि सलाम केल्याविना जाऊ नये, आणि परत जा असे सांगितले गेल्यास परत जावे, अशी तेथे आज्ञा आहे. माझ्या मते आज मोबाईल हाही घराचा दरवाजाच आहे. घरमालकाने दार उघडले नाही म्हणून रागावण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. मग वेतन देणाऱ्याला तो कोठून मिळाला? कोणती गोळी घेता, समाजमाध्यमावर हसरे छायाचित्र कसे टाकले, अशी चौकशी सूरह हुजुरातमध्ये निषिद्ध ठरवलेल्या हेरगिरीच्या जवळ जाते.

मालकाचीही बाजू आहे. घाटकोपरच्या एखाद्या दुकानात तीनच माणसे असतात आणि पुरवठादारांचा सारा हिशेब त्यांतील एकाच्याच डोक्यात असतो. किल्ली कोठे आहे, प्रमाणपत्र कधी मिळेल, हे त्याने एकदा विचारणे रास्तच आहे. संदेश लिहून पाठवला आणि उत्तराची घाई नाही असे कळवले, तर अधिक उत्तम. कामगारानेही शक्य तेवढी कागदपत्रे रजेवर जातानाच सोपवावीत. नोकरी हा करार आहे, आणि खोटे प्रमाणपत्र ही खियानतच होय.

तथापि फोन उचलण्याआधी मालकाने स्वतःला विचारावे, असा एक प्रश्न उरतो. हजरत अबू जर (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांना बंधू म्हटले आहे, त्यांच्यावर शक्तीबाहेरचे ओझे टाकू नये, आणि टाकलेच तर स्वतः हातभार लावावा, असे बजावले आहे. दोन माणसांचे काम एकावर सोपवून त्याची झोप उडाली असेल, तर त्याचा आजार हा मालकानेच लादलेल्या ओझ्याचा परिणाम आहे. मग रजेच्या काळात ते काम दुसऱ्याकडे देणे हा उपकार नव्हे, ते मालकाचे देणे आहे. आणि तो माणूस परतल्यावर तेच ओझे जसेच्या तसे त्याच्या टेबलावर वाट पाहत असेल, तर ते देणे अद्याप फिटलेले नाही.