वैश्वानर आणि जुगाड

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, मॅक्सम्युलर भवन आहे आणि ब्रिटिश कौन्सिलही. कौन्सिलची १९९२ साली पूर्ण झालेली इमारत चार्ल्स कोरियांची. मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या या मुंबईकर वास्तुविशारदाने तिच्या मध्यरेषेवर तीन विश्वकल्पना ओवल्या. मागे हिंदू परंपरेतला बिंदू, मधे इस्लामी चारबाग आणि पुढे संगमरवर-ग्रॅनाइटमध्ये जडवलेलं युरोपीय बुद्धियुगाचं चिन्ह. तिघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. दगडात हे जमून जातं. माणसांच्या बैठकीत ईश्वर आणि जीवरसायनशास्त्र शेजारी बसवले, की मात्र पाच मिनिटांत वाजतं.

भांडणाला तोंड बहुधा एकाच ठिकाणी फुटतं: पेशीचा चयापचय इतका गुंतागुंतीचा आहे, तर तो कुणीतरी योजलेला असणारच. गुंतागुंत खरीच आहे. भाकरीतून आलेला ग्लुकोजचा एक रेणू दुभंगायला पेशी दहा पायऱ्या घेते. आधी ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे दोन रेणू पदरचे घालते, मग चार मिळवते. हाती उरतात दोन. खरी कमाई पुढे, हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात आणि त्याला जोडलेल्या श्वसनसाखळीत. बहुतेक प्रत्येक पायरीला वेगळं विकर लागतं, आणि एखादं बिघडलं तर मूल जन्मतःच आजारी असू शकतं.

या पसाऱ्यावरून कर्ता सिद्ध करण्याची खटपट नवी नाही. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त हा तर्क बांधला: मडकं हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, जगही कार्यच आहे. १८०२ मध्ये विल्यम पेली यांनी मडक्याच्या जागी घड्याळ ठेवलं. १९९६ मध्ये मायकेल बीही यांनी घड्याळ काढून तिथे पेशीतली यंत्रणा ठेवली. तर्क तोच.

त्यावरचा सर्वांत झोंबणारा आक्षेप मात्र एका कडव्या वेदनिष्ठाचा आहे. उदयनांच्याही आधी मीमांसक कुमारिल भट्टांनी विचारून ठेवलं होतं, की ज्याला शरीर नाही त्याने जग घडवलं कसं, आणि कोणत्या हेतूने? वेद प्रमाण, यज्ञ आवश्यक, पण जगाचा निर्माता? त्याची त्यांना गरज वाटली नाही.

तर्क बाजूला ठेवून पुराव्याकडे वळलं, तर वाट पुन्हा दिल्लीतच येते. कस्तुरबा गांधी मार्गाला कर्झन रोड म्हणत त्या काळात, १९३९ मध्ये, कनॉट प्लेसच्या पलीकडच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. कमला भागवत जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून आल्या. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या. केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, तेव्हा सत्याग्रह करून त्यांनी तो मिळवला होता. केंब्रिजचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असतं असं त्यांनी दाखवलं. श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे छोटंसं प्रथिन. म्हणजे बटाटा आणि तो सोलणारी बाई, दोघांचा श्वास एकाच हमालाच्या खांद्यावरून जातो.

नंतर या प्रथिनाची अक्षरं वाचता आली. माणसात ती १०४ अमिनो आम्लांची साखळी आहे; चिंपांझीत हुबेहूब तीच, ऱ्हीसस माकडात एकाचा फरक. हे नातं कुंभारानेही राखलं असतं, असं म्हणता येईल. पण मग त्याच्या मोडतोडीचाही हिशेब द्यावा लागतो. शेळी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. आपल्याला आवळा शोधावा लागतो. ते बनवण्याच्या वाटेवरच्या शेवटच्या विकराचा जनुक आपल्यात आहे, पण मोडका, आणि माकडांतही मोडकाच. यूरिक आम्ल मोडून टाकणारं विकरही आपण आणि वानरांनी गमावलं. त्याचा दंड आंगठा सुजलेला माणूस रात्रभर भरतो. फ्रान्स्वा जाकोब यांनी १९७७ मध्ये म्हटलं, की उत्क्रांती अभियंत्यासारखी नव्हे, हाताशी असेल त्यातून काम भागवणाऱ्या माणसासारखी वागते. दिल्लीत याला जुगाड म्हणतात. गुंतागुंत हा कौशल्याचा पुरावा मानला, तर संधिवाताची सहीही त्याच कारागिराची मानावी लागेल. भक्ताने देवावर हा आळ का आणावा?

मराठी घरांत देवाची दुसरीच ओळख होती. ताटाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायच्या, आपोष्णी घ्यायची आणि पंचप्राणांच्या नावाने पहिले घास गिळायचे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ईश्वर प्राण्यांच्या देहातला वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचवतो. तिथे तो कारखाना उभारून निघून गेलेला मालक नाही, चाललेली क्रिया आहे. आयुर्वेदानेही एक जठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी असे तेरा अग्नी मोजले. म्हणून आपल्या पूर्वजांना क्रेब्जचं चक्र ठाऊक होतं, असं कुणी सांगू लागलं तर मात्र हात जोडावेत. तेरा अग्नी ही वैद्यांची निरीक्षणातून आलेली मांडणी होती, विकरांची यादी नव्हे. कर्ता सिद्ध करू पाहणाऱ्यापेक्षा फरक इतकाच, की अग्नीला आहुती देणाऱ्याचं मोडक्या जनुकाने काही बिघडत नाही. आग जाळते आणि शिजवते, हे त्याने आधीच मान्य केलेलं असतं. सायटोक्रोम सीचंही तसंच: तंतुकणिकेच्या आत असताना ते श्वास चालवतं, तिथून निसटून पेशीद्रवात आलं की पेशीला मरणाचा हुकूम देतं. हे १९९६ मध्ये कळलं.

उत्क्रांतीवाल्यांकडेही एक उत्तर अजून अपुरं आहे: विकरं नव्हती तेव्हा पहिली वाट कशी पडली? २०१४ मध्ये केंब्रिजमधल्याच मार्कुस राल्सर यांच्या गटाने दाखवलं, की ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरच्या बऱ्याच अभिक्रिया लोह विरघळलेल्या गरम पाण्यात विकरांवाचूनही होतात. तेवढ्याने पेशी बनत नाही. पण कर्त्यासाठी राखून ठेवलेली जागा त्या पाण्याने आणखी थोडी आक्रसली, आणि वैश्वानराच्या जागेला मात्र धक्का लागला नाही.