आमच्यामागे याचे कोण?

शास्त्रवाचन : योहान १९:२५-२७



बंगळुरूच्या मारतहळ्ळी भागात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनासभेसाठी जाण्याचा योग आला. पतिपत्नी दोघेही सत्तरी ओलांडलेले. त्यांचा अडतीस वर्षांचा पुत्र जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. आलेल्या प्रत्येकाच्या चपला तो दाराशी जोडीने लावत होता आणि निघताना ज्याच्या त्याला अचूक देत होता. निरोप घेताना त्याच्या मातेने हळूच विचारले, “आमच्यामागे याचे कोण?” “देव आहे,” एवढे म्हणून मी जिना उतरलो, पण ते उत्तर मलाच अपुरे वाटले.

हा प्रश्न घराचाही आहे आणि पैशाचाही. मारतहळ्ळीच्या आसपास संगणक कंपन्या वाढल्या, तशी घरभाडीही वाढली. खाजगी निवासाचे मासिक शुल्क निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला पेलत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, हे उपकारकच झाले. परंतु पालकाची सही म्हणजे घर नव्हे. संध्याकाळी कोणाच्या पंक्तीला बसावयाचे, हे कागद सांगत नाही.

आता वधस्तंभाकडे पाहा. प्रभू स्वतः मरणयातना भोगत असताना आपल्यामागे राहणाऱ्या मातेची व्यवस्था लावतो. मागे उरणाऱ्याची चिंता करणे हा अविश्वास नाही. प्रभूनेही ती केली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो प्रथम मातेशी बोलतो, नंतर शिष्याशी. कोणाच्या हाती गाठोडे सोपवावे, तसे तो तिला सोपवीत नाही. ज्याच्यासाठी घर उभारावयाचे, त्यालाही विचारावे, त्याची आवडनिवड जाणून घ्यावी, हा धडा येथे आहे.

शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना सत्ताविसाव्या वचनापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे आपण समजतो. परंतु मूळ ग्रीकमध्ये ‘घर’ हा शब्दच नाही. ‘जे आपले त्यात’ एवढेच तेथे आहे. हीच शब्दरचना योहानाने आणखी दोनदा योजिली आहे. पहिल्या अध्यायात प्रभू जे आपले त्यात येतो, पण स्वकीय त्याला स्वीकारीत नाहीत. सोळाव्यात शिष्य आपापल्या ठिकाणी पांगून त्याला एकटे टाकतील, असे तो सांगतो. आणि वधस्तंभापाशी एक शिष्य दुसऱ्याला जे आपले त्यात सामावून घेतो. पहिल्या दोन ठिकाणी जे ‘आपले’ परके ठरले, ते येथे कोणाचे तरी घर झाले.

हे केवळ स्वप्न नव्हे. १९६४ साली फ्रान्समध्ये लार्श, म्हणजे तारू, नावाची चळवळ सुरू झाली. बौद्धिक दिव्यांग प्रौढ आणि त्यांचे सहकारी एकाच घरात, एकाच मेजावर जेवत राहू लागले. १९७० साली तिचे भारतातील पहिले घर, ‘आशा निकेतन’, याच बंगळुरूत उघडले. आपल्याकडे बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन ‘आधार’ उभारले. मात्र सत्यही सांगितले पाहिजे. लार्शचे संस्थापक जाँ व्हानिये यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते, हे २०२० साली त्या चळवळीनेच करविलेल्या चौकशीतून उघड झाले. म्हणून अशा घरांत कोणाही पुण्यवानावर आंधळा भरवसा नको. हिशेब उघडे असावेत, दारे उघडी असावीत, बाहेरच्यांची नियमित देखरेख असावी.

वाचकहो, आपल्या कित्येक मंडळ्यांपाशी मिशनकाळातील बंगले आणि मोकळी आवारे आहेत. काही बंद पडून आहेत, काहींवर विकत घेणाऱ्यांची नजर आहे. त्यांपैकी एकात चारपाच प्रौढ आणि दोन सहाय्यक राहिले, जागेचे भाडे मंडळीने सोडले आणि एका चुलीचा खर्च सर्व कुटुंबांनी वाटून घेतला, तर एकट्या घराला न पेलणारे ओझे हलके होईल. आईबाप हयात असतानाच हे घडावे, म्हणजे त्या मुलाला नवे घर ओळखीचे होईल. आरंभी महिन्यातून दोन दिवस राहावे, मग आठवडा. मरणाच्या दिवशी घर बदलावे लागणे हा दुहेरी वियोग होय.

पुढच्या खेपेस त्या माउलीपुढे मी काय बोलणार? “देव आहे” हे तर बोलेनच. पण त्यापुढे “आणि आम्ही आहोत” असे म्हणता यावे, यासाठी आपल्या मंडळीत हा विषय काढा. प्रभूने शिष्याला सांगितले, आणि त्याच घटकेपासून त्याने तिला आपलेसे केले, असे योहान लिहितो. त्याने उद्यावर ढकलले नाही.

प्रभू आपणांस तशी तत्परता देवो. आमेन.