दार आणि संमती

सुसान सोंटॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथात आजाराला रूपकांतून मुक्त करण्याची मागणी केली. केमोथेरपीचा ‘पोर्ट’ या मागणीची कसोटी पाहतो. छातीच्या त्वचेखालची डबी, तिच्यावरील सिलिकॉनचा पडदा, हृदयालगतच्या महाशिरेपर्यंत गेलेली नळी: हे निव्वळ वस्तुरूप आहे. परंतु लॅटिन ‘पोर्टा’ म्हणजे दार. रूपक नावातूनच देहात शिरते. शिवाय हे दार बाहेरूनच उघडते. तीव्र औषधांनी हाताच्या शिरा दुखावू नयेत म्हणून रुग्ण ते स्वीकारतो. येथे प्रश्न उपस्थित होतो तो असा की, शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली संमती पुढील प्रत्येक सुईला पुरते काय? दार आहे म्हणून प्रवेश गृहीत धरला, तर रुग्णाचा देह इतरांची सोय होऊन बसतो. सुई टोचण्यापूर्वी विचारलेल्या ‘टोचू का?’ या दोन शब्दांत रुग्णाचे कर्तेपण दरवेळी नव्याने मान्य होते. उपचारांनंतर पोर्ट काही काळ ठेवणे म्हणजे भय आणि काढणे म्हणजे आशा, असा अर्थ इतरांनी लावणे हेही एक अतिक्रमणच होय. वैद्यकाने सल्ला द्यावा. अर्थ लावण्याचा पहिला अधिकार मात्र ज्याच्या त्वचेखाली ते दार आहे, त्याचाच.